खोक्यावरची धाकटी

माझ्या धाकटीला थोरलीकडून पोटभर आशीर्वाद, आणि गालाचा एक पापा (तुला आवडत नाही हे माहीत आहे, म्हणूनच).

इकडे सगळे ठणठणीत. तुझा गुडघा कसा आहे ते खरं सांग. मागच्या पत्रात ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंस, आणि तू एवढंच लिहितेस तेव्हा तो मुळीच बरा नसतो. डोळ्यांत थेंब घालतेस ना? की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसती बघत बसतेस? मांजरीला माझा निरोप सांग. ती मला ओळखत नाही म्हणतेस, पण मागच्या वेळी माझ्या चपलेत झोपली होती, ते काय अनोळखी माणसाच्या चपलेत झोपतात होय?

आता बातमी. धाकटे, आपल्या नातीला पसंत केलं! दचकू नकोस, लग्नाचं नाही. (लग्न तिचं कधीच झालं. जावयाचे कान मोठे आहेत असं तूच माझ्या कानात म्हणालीस आणि ते त्याने त्याच मोठ्या कानांनी ऐकलं. अजून आठवण काढून हसतो बिचारा.) पसंत केलं ते तिच्या कारखान्याला. पण हे तुला मुळापासून सांगायला हवं. मी चौथीत शाळा सोडली आणि तू सातवीपर्यंत गेलीस, तरी या बाबतीत आज मी तुझ्यापुढे आहे. तेव्हा चष्मा लाव आणि नीट वाच.

कॉम्प्युटरच्या पोटात एक पाटी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावर जी चित्रं पळतात, मुलं ज्या खेळात दिवसभर एकमेकांना मारतात, ते सगळं ती पाटी काढते. त्या पाटीच्या मधोमध नखाएवढा एक मेंदू असतो, त्याला चिप म्हणायचं. मला वाटायचं, ज्याचा मेंदू त्याचीच पाटी. तसं नसतं गं! मेंदू करणारी कंपनी फार मोठी, ती मेंदू करते आणि बहुतेक वेळा हात झटकते. मग काही निवडक घरांना ती तो मेंदू देते. पाटी त्या घरांनी करायची, तांब्याच्या नळ्या त्यांनी बसवायच्या, पंखे त्यांनी लावायचे (तो मेंदू फार तापतो, तुझ्यासारखा), खोकं त्यांचं, खोक्यावर नाव त्यांचं. म्हणजे बघ, विरजण एका घरचं, दूध आणि भांडी घरोघरची. दुकानात दहा नावांची खोकी दिसतात, आत विरजण तेच. मी हे नातीला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, आम्हाला हे समजायला दोन वर्षं लागली. मी म्हटलं, तुम्ही कुणी दही लावत नाही ना, म्हणून.

तर विरजण मागायला रांग मोठी. आणि ते मागेल त्याला मिळत नाही. आपली नात इतकी वर्षं पाट्या करायची त्या दुसऱ्याच एका बड्या घरासाठी. मेंदू त्या घराच्या नावाने यायचे, पाट्या इथे व्हायच्या, बिघडल्या तर दुरुस्तीलाही इथेच यायच्या, पण खोक्यावर नाव त्यांचं. बाळंतपण आमच्याकडे, जागरणं आमच्याकडे, आणि पोराला नाव शेजाऱ्यांचं. ती कधी बोलायची नाही. पण एकदा बाजारात दुकानाच्या काचेपाशी उभी राहिली आणि आपल्याच हातच्या वस्तूकडे अशी बघत होती, की मी तिला हाताला धरून पुढे नेलं आणि भाजीचा भाव मुद्दाम चुकीचा सांगून तिच्याशी भांडण काढलं. भांडली की ती बरी होते, तुझ्यावर गेलीय.

म्हणून तिने अर्ज केला, की आम्हाला थेट मेंदू द्या, आम्ही आमच्या नावाने विकू. मिळालं तर कारखाना आपल्या पायावर उभा. नाही मिळालं, तर बडं घर अर्जाची बातमी ऐकून रुसणार आणि आहे ते कामही काढून घेणार. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. तिच्या हाताखाली पंचवीसेक माणसं आहेत. ती पोरगी जेवताना घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवायला लागली, तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

मेंदूवाले काय काय बघतात ते ऐक. जागा आहे का, यंत्रं आहेत का, लांबच्या गावांतल्या दुकानांपर्यंत माल पोचवाल का, दुसऱ्या मेंदूवाल्यांशी तुमचं आतून काही आहे का (हे मात्र अगदी लग्नासारखंच), पाटी थंड राहते का, आवाज किती करते. शेवटच्या दोन गोष्टी आमच्या पंखेवाल्याच्या हातात. हा इथला पंख्यांचा माणूस, काडीसारखा बारीक, दिवसभरात चार वाक्यं बोलतो आणि त्यांतली तीन वाऱ्याबद्दल असतात. पातळ कागदाची पट्टी पंख्यापुढे धरून ती कशी थरथरते ते बघत बसतो. मी त्याला जावयाचा जुना स्वेटर दिला, तर म्हणाला, विणीतून हवा चांगली खेळते. याला आभार म्हणायचे का काय ते तू ठरव.

आवाज मोजायला त्यांचं एक यंत्र आहे. सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं आणि आकडा बघायचा. तर एका दुपारी आकडा एकदम वर जायचा, खाली यायचा, परत वर. पंखेवाल्याचं तोंड पांढरंफटक. त्याने पंखे काढले, पाती तासली, तेल बदललं, तरी आकडा आपला वर-खाली. शेवटी नातीने सगळं बंदच केलं, तरी आवाज चालूच! मग ती मधल्या फळीच्या पलीकडे, जिथे मी दुपारची पडते, तिथे आली आणि मला हलवून उठवलं. (मी घोरत नाही हे तुला माहीत आहे. ते जरा नाक चोंदलं होतं.) तेव्हापासून मोजणीच्या वेळी मला गच्चीवर पाठवतात.

आता मुख्य प्रकार. कारखान्यात तक्रारींचा एक फोन आहे. बिघडलेल्या पाट्यांचे लोक त्यावर बोलतात. फोनवरची मुलगी रजेवर, बाकीचे सगळे जेवायला बसलेले, आणि फोन वाजतोय. वाजतोय म्हणजे वाजतोय. मला वाजणारा फोन आणि रडणारं मूल ऐकवत नाही. उचलला. पलीकडे एक बाई, आवाज दमलेला. म्हणाली, तुमच्याकडचं कार्ड कुरकुरतंय. मी म्हटलं, डावा पंखा ना? (जेवताना रोज तेच बोलणं चालायचं गं, की त्या एका खेपेचे डावे पंखे कुरकुरतात. मला वाटलं, जगाला ठाऊक असेल.) ती म्हणाली, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, बाई, त्या खेपेत आमचीच चूक झालीय, तुम्ही काही केलं नाहीत, पाठवून द्या, पंखेवाला बदलून देईल, तोवर नवीन विकत घेऊ नका, पैसे वर आलेत का? मग तिला विचारलं, जेवलीस का, आवाज उपाशी वाटतो. ती म्हणाली, नाही अजून. मी म्हटलं, आधी जेव, पाटी कुठे पळत नाही. मग तिच्या आईची चौकशी केली, तिच्या आईलाही गुडघ्याचंच दुखणं, मग तुझा गुडघा सांगितला. तासभर तरी झाला असेल. फार गोड बाई.

पुढच्या आठवड्यात मेंदूवाल्यांची बाई तपासणीला आली. काळा कोट, हातात वही, हसणं नाही. मला सक्त ताकीद होती, आजी, तुम्ही फक्त नमस्कार करायचा आणि वर जायचं. तसा मी नमस्कार केला आणि पाणी हवंय का एवढंच विचारलं. (तहानलेल्याला न विचारता मी वर जाऊ?) ती बाई थबकली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘आजी, डावा पंखा ना?’

धाकटे, नातीने भिंत धरली. पंखेवाला पट्टी धरून उभा होता तो तसाच, फक्त पट्टी थरथरत होती आणि पंखा तर बंद होता. आपलं गुपित बिघाडासकट तपासणी करणाऱ्यांनाच सांगून ठेवलं होतं की मी! ती बाई म्हणे अर्ज करणाऱ्या प्रत्येक घराला आधी गिऱ्हाईक म्हणून फोन करते. बाकीच्या घरांत एक दाबा, दोन दाबा, मग सनई वाजते, मग दोष तुमचाच असं सांगतात. मी वर जाऊन तोंड उशीत खुपसून पडले. खोटं नाही सांगत, रडले. वाटलं, पोरीचं घर मी बोलून बोलून बुडवलं.

निकालाचा मेल आला तेव्हा नातीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, कारण तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. मिळालं! सगळ्यात मोठा मेंदू नाही, मधला, आणि तोही मोजकाच, पण मिळाला. त्या बाईने नंतर नातीला सांगितलं, की पाट्या आतून सगळ्यांच्या सारख्याच असतात, पण एखादी बिघडली की लोक शिव्या मेंदूवाल्यांनाच देतात. म्हणून आम्ही बघतो की बिघडल्यावर दारात कोण उभं राहतं. गुपित फोडल्याचे गुण मात्र कापले आहेत. मी घरभर सांगत सुटले की माझ्यामुळे मिळालं. नात म्हणते, पंख्यांमुळे मिळालं. पंखेवाल्याला विचारलं तर म्हणाला, वारा चांगला होता.

मग खोक्याचं आलं. त्यांच्या रंगाचा एक पट्टा कडेला ठेवायचा, त्यांची खूण अमुक एवढी, बाकी खोकं तुमचं, नाव तुमचं. बाकीच्या घरांची खोकी मी बघितली. एकावर तलवारवाली बाई (अंगावर लोखंड, तेही पुरतं नाही, थंडी वाजत असेल), एकावर राक्षस, एकावर जळणारा घोडा. नात आणि जावई तीन दिवस भांडले, कोणता राक्षस घ्यायचा. मला काय सुचलं कोण जाणे, मी पत्र्याच्या डब्यातून तो फोटो काढून आणला. तूच ती, सोळा वर्षांची, उतारावर सायकल सोडलेली, दोन्ही हात वर, वेणी मागे काठीसारखी ताठ, तोंड आ वासलेलं. मी मागून ओरडत धावत होते, ती फोटोत नाही. नात किती तरी वेळ बघत राहिली. पंखेवाल्याने चष्मा काढला, परत लावला, आणि वेणीवर बोट ठेवून म्हणाला, ‘हा वारा खरा आहे.’ त्याचं त्या दिवसाचं पाचवं वाक्य. जावई म्हणाला, आता राक्षस नको.

नावही लगेच ठरलं. बाकीची सगळी घरं जुनी आणि बडी, त्यांच्या रांगेत आम्ही शेवटचे. नात म्हणाली, आजी, तुम्ही पत्राच्या वर काय लिहिता? तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेच आहे, धाकटी. काल मी एक खोकं हातात घेऊन दारात बसले होते. आत काही नव्हतं, रिकामंच. तरी किती जड वाटलं गं.

बाकी सगळं क्षेम. जावयाचे कान तसेच. पत्राचं उत्तर दे, आणि ‘बरा आहे’ लिहू नकोस.

तुझीच,
थोरली

ता.क. फोटो वापरण्याआधी तुला विचारायला हवं होतं, हे मला खोकी छापून झाल्यावर आठवलं. रागावू नकोस. फोटोत तुझे दात फार छान दिसतात.

ता.क. दुसरा. मेंदूवाल्यांचा नियम असा निघाला, की खोक्यावर खरा माणूस असेल तर त्या माणसाचा होकार हवा, त्याशिवाय एकही खोकं दुकानात जाणार नाही. सगळी खोकी इथे भिंतीला लावून ठेवलीत, नात रोज येता-जाता तुझ्याकडे बघते. तेव्हा तू होकार द्यायला ये. खालची खोली तयार केली आहे. तिच्या भिंतीपलीकडे पाट्या तापवून बघतात, म्हणून भिंत कायम कोमट असते. मी माझा गुडघा लावून बघितला, फार बरं वाटतं. मागच्या थंडीत तू न्हाणीत पडलीस आणि बरी झाल्यावर मला कळवलंस. असं परत व्हायला नको, धाकटे. मांजरीलाही आण, माझी चप्पल दाराशीच असते. थेंबांची बाटली आण. परतीचं तिकीट काढू नकोस.

ता.क. तिसरा. नात हे माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय, की फोनवर नुसतं हो म्हटलं तरी चालतं, यायची गरज नाही. ती लहान आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि तू फोन केलासच, तर तो हल्ली मीच उचलते. तुझ्या बाबतीत मला काहीही ऐकू येणार नाही.