स्टंपांमागचा कान

रविवार, ४ फेब्रुवारी

लागला. डाव्या कानाच्या वर, दोन बोटांवर. लिंबाएवढं टेंगूळ आलंय. चक्कर नाही, उलटी नाही, रक्त नाही. आणि डोक्याला लागून उडालेला चेंडू परत मीच झेलला! बॅटला लागला असता तर विकेट होती.

घरी आले तर हे आणि ह्यांची बहीण चहा घेत बसलेले. हे म्हणाले, "इतक्या कंटाळवाण्या खेळात मार खाऊन यायचं म्हणजे कमालच केलीस." नणंदबाई औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात, त्यामुळे अर्ध्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "वहिनी, सत्तेचाळीस वर्षांची झालीस. जिवावरचा खेळ आहे हा. फुटबॉल बरा, निदान चेंडू मऊ असतो."

बर्फ डोक्याला धरून मी म्हटलं, आधी तुम्ही बहीणभाऊ आपसात ठरवा. एकाला बघून झोप येते, दुसरीला वाटतं जीव जातो. दोन्ही आरोप एकाच खेळावर?

कीपिंग सोडणार नाही. लिहून ठेवते.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा वाजलं. हे कुस्तीगीर. आता मॅटवर मुलांना शिकवतात, पण ऐट अजून तीच. "कुस्तीत सहा मिनिटांत निकाल. तुमचं तीन तास उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, पाणी प्यायचं, परत उभं राहायचं."

म्हटलं, अहो, जरा आरशात बघा. दोन्ही कान चुरगळलेल्या कागदासारखे. पुढचे तीन दात दवाखान्यातले. डावा खांदा तर असा की चार वर्षांपूर्वी पलंगाची माझी बाजू मागून घेतली, "तिकडे खांद्याला बरं पडतं" म्हणून. मी बापडी खिडकीची हवा सोडून भिंतीकडे गेले. आणि माझी नऊ वर्षांची कमाई काय? दोन वाकडी बोटं! मग धोकादायक कुणाचा खेळ?

हसले. जिंकले मी.

कंटाळ्याचं म्हणाल तर मला कंटाळा म्हणजे काय तेच कळत नाही. घड्याळं दुरुस्त करणारीला कंटाळा आला तर पोट कसं भरायचं? वडिलांनी दुकान दिलं तेव्हा एकच शिस्त लावली. आधी कान, मग भिंग. घड्याळ डाव्या हातात घ्यायचं, डाव्या कानाशी धरायचं, उजवा हात पेचकसाला मोकळा. टिकटिक ऐकूनच कळतं आत तेल सुकलंय, कचरा गेलाय की स्प्रिंग थकलीय. मग उघडायचं.

स्टंपांमागे तेच काम. वीस षटकं, एकशेवीस वेळा खाली बसायचं, प्रत्येक चेंडू माझ्याकडेच येणार असं धरून. बहुतेक येत नाहीत. पण बॅटची कड घेऊन येतो त्याचा आवाज वेगळा, पॅडचा वेगळा, कपड्याचा वेगळा. ज्याला हे माहीत नाही त्याला झोप येणारच. झोपू दे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

नणंदबाईंनी हेल्मेट आणून दिलं. "हे घालणार असशील तर जा." घालून बघितलं. कुकरमध्ये डोकं अडकल्यासारखं झालं. पण भांडण किती ठिकाणी करायचं? घालीन.

रविवार, ११ फेब्रुवारी

जिंकलो! उपान्त्य फेरीत गेलो! आमचा बाजारातल्या बायकांचा संघ – दोन भाजीवाल्या, एक शिक्षिका, शिंपीणबाई, फिरकी टाकते म्हणून जिला फिरकीच म्हणतो ती पोस्टातली आमची कप्तान आणि बाकीच्या. कुणी म्हटलं होतं जाऊ म्हणून?

मास्तरांनी आज पुन्हा तेच केलं. मास्तर आमचे पंच. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, चष्मा जाड. चेंडू कड घेऊन गेलाय की नाही याची शंका आली की ते सरळ माझ्याकडे बघतात. मी अपील केलं तर बोट वर, मान हलवली तर नाबाद. आमच्या सगळ्या लीगमध्ये हे चालतं, समोरचा संघही कुरकुरत नाही. कारण नऊ वर्षांत मी एकदाही खोटं अपील केलेलं नाही. शिंपीणबाई म्हणते, "काकू आपल्या की त्यांच्या, तेच कळत नाही!"

मी कुणाचीच नाही. लागला तर लागला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एक गमतीची चूक झाली. कंपाउंडर त्याचं चावीचं घड्याळ घेऊन आला. दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं म्हणाला. कानाला लावलं, आवाज नाही. "अरे, मागे कसलं पडतंय, बंदच आहे!" त्याच्यासमोर उघडलं तर आत चक्र छान फिरतंय. तो बघतच राहिला. म्हटलं, हाताच्या उबेने चालू झालं असेल. होतं असं कधीकधी.

टेंगूळ अजून पुरतं उतरलेलं नाही. त्याचंच असणार.

रविवार, १८ फेब्रुवारी

हरलो.

शेवटचं षटक. त्यांना चार धावा हव्यात, एकच विकेट शिल्लक. समोर त्यांची बेकरीवाली, चेंडू आमच्या फिरकीच्या हातात. सुंदर टाकला पोरीने – उंच, हळू, शेवटी बाहेर वळला. बॅटच्या जवळून माझ्या ग्लोव्ह्जमध्ये. फिरकी किंचाळत हवेत! मागोमाग सगळ्या किंचाळल्या. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. काही ऐकलंच नव्हतं, तर हात कसा वर करू?

नाबाद. पुढच्या चेंडूवर बेकरीवालीने चौकार मारला. खेळ खल्लास.

फिरकी रडत होती. "काकू, मिडऑफला ऐकू गेलं! तुम्ही तर मागेच होता!" मी चिडले. म्हटलं, तुम्हाला जिंकायचं होतं म्हणून ऐकू आलं. हरायचं असेल तर हरू, पण खोटं अपील माझ्याकडून व्हायचं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं. एकटीच सायकलने घरी आले.

बरोबरच केलं मी.

सोमवार, १९ फेब्रुवारी

बरोबरच केलं. आणि समजा – समजा! – लागला असेल, तर दोष हेल्मेटचा. नणंदबाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "हेल्मेटला कानाशी भोकं असतात, वहिनी."

असतात खरी. मोजली. एकेका बाजूला सहा.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दुपारी बेकरीवाली दुकानात आली. हाताला अजून पीठ, काखेत बॅट. मला वाटलं मिरवायला आली. स्टुलावर बसली, बॅट मांडीवर घेतली.

मग म्हणाली, "काकू, लागला होता. चांगला जोरात लागला. मी दोन पावलं निघालेसुद्धा होते. तेवढ्यात तुम्ही मान हलवली. मनात आलं, काकू नाही म्हणतायत म्हणजे माझाच भास. दोन दिवस पावात मीठ टाकायला विसरतेय." बॅट आडवी करून दाखवली. कडेवर चेंडूचा लाल डाग, नखाएवढा. बॅट नवी, त्या दिवशीच पहिल्यांदा काढलेली. बाकी डाग सगळे मधोमध.

मी म्हटलं, तुझी चूक नाही. ती गेली. मी दुकानाची फळी आतून लावली.

भिंतीवर दुरुस्त होऊन टांगलेली सात घड्याळं होती. एकेक काढून डाव्या कानाला लावलं. पहिलं बंद. दुसरं बंद. सातही बंद. मग उजव्या कानाला लावली. सगळी चालू. कंपाउंडरचं तर अगदी झकास चाललंय!

रडले. लाजायचं काय, वहीच आहे. वडिलांचा कान माझ्याकडे आला म्हणत सगळे. आणि मी फिरकीला सगळ्यांसमोर जवळजवळ खोटारडी म्हटलं.

म्हणजे नणंदबाई खऱ्या ठरल्या. धोकादायक. एका चेंडूत कान गेला. हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा दुसराही कान गेलेला परवडला!

घरी काही बोलले नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पोस्टात गेले. फिरकीच्या खिडकीसमोर रांग, माझ्यापुढे पाच जण. नंबर आल्यावर मोठ्याने सांगितलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "रविवारी चेंडू लागला होता. तू खरी होतीस. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे घे." आणि ग्लोव्ह्ज काचेखालून आत सरकवायला गेले. फटीतून जाईनात. अर्धे आत, अर्धे बाहेर.

मागचा माणूस म्हणाला, "बाई, पार्सलची खिडकी पलीकडे आहे."

फिरकीने ग्लोव्ह्ज बाहेर ढकलले. डोळे भरलेले, पण आवाज काउंटरवरचाच. "काकू, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. मग अर्ज करा. पुढचे कोण?"

तिथून मास्तरांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग आता मी कुणाकडे बघू?" म्हणाले.

शनिवार, २४ फेब्रुवारी

कानाचा डॉक्टर. तरुण आहे, बोलतो भरभर. मला एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाला. किती वेळ नुसतीच बसले होते! मग त्याने आलेख समोर ठेवला. उजवी रेघ बरी, थोडी उतरलेली. डावी पायरी पायरीने खाली.

मी आधीच सांगून टाकलं, चार तारखेला चेंडू लागला, तेव्हापासून. त्याने कानात दिवा घालून बघितलं. "पडदा ठणठणीत आहे. चेंडूचा ह्यात काही संबंध नाही. असं एका दिवसात होत नाही. हळूहळू चाललंय, निदान पाच वर्षं तरी. उरलेलं सवयीने भरून निघतं, म्हणून कळत नाही. आईवडिलांपैकी कुणाला होतं?"

वडील शेवटी शेवटी घड्याळ दातात धरायचे. आम्हाला वाटे, सवय. टिकटिक दातांतून ऐकत होते.

खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटलं. निर्दोष! क्रिकेट निर्दोष! ना कंटाळवाणं, ना धोकादायक! वाटेतच नणंदबाईंच्या दुकानात शिरले, खोकल्याच्या बाटल्या मांडत होत्या, तिथेच आलेख दाखवला. त्या आलेख उलटासुलटा करत म्हणाल्या, "बरं बाई, सुटला तुझा खेळ."

पण घरी येईपर्यंत उत्साह उतरला. पाच वर्षं. पाच वर्षांत किती वेळा मान हलवली असेन? किती जणी बाद असून खेळत राहिल्या, आणि माझ्याच किती पोरी गप्प बसल्या, काकू म्हणतायत म्हणून? मोजता येणार नाही. मास्तरांना सांगायचं, यापुढे माझ्याकडे बघायचं नाही, स्वतःचं बघा. चष्मा बदला.

यंत्र मिळणार आहे, पंधरा दिवसांनी. हेल्मेटमध्ये मावेल का विचारलं. डॉक्टर म्हणाला, असा प्रश्न पहिल्यांदाच आला. मावेल. म्हणजे पुढच्या मोसमात मी आहे. फिरकीकडे रीतसर अर्ज करीन.

एक प्रश्न मात्र त्याने सहज विचारला. "घरच्यांच्या कधी लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, नाही. आमच्या घरच्यांचं माझ्याकडे लक्ष कुठे!

रविवार, २५ फेब्रुवारी

पहाटे जाग आली. हे झोपले होते, माझ्या उजव्या बाजूला, तोंड माझ्याकडे. डाव्या कुशीवर. दुखऱ्या खांद्यावर.

चार वर्षं. जेवायलाही उजवीकडे, चालतानाही उजवीकडे. आणि मी भांडणात तोच खांदा काढत होते.

उठल्यावर विचारलं, कानाचं माहीत होतं तर बोलला का नाहीत? चहा गाळता गाळता म्हणाले, "सांगितलं असतं तर ग्लोव्ह्ज सोडले असतेस."

चादर बदलताना उशांची अदलाबदल केली. आता हे डावीकडे. ह्यांच्याकडे वळले की माझा बहिरा कान उशीत जातो आणि चांगला वर राहतो, ह्यांचा खांदाही मोकळा. एवढं साधं चार वर्षांत सुचलं नाही. कुस्तीगीर!