मुंग्यांच्या बाजूने

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मामी तिच्या पद्धतीने सांगते, म्हणून म्हटलं कागदच बरा. मी मजेत आहे. म्हणजे परवापर्यंत होते. टेबलाला खिडकी नाही, पण पाठीशी झेरॉक्सचं यंत्र आहे, त्यामुळे थंडीत पाठ फुकट शेकून निघते.

भाषांतर कंपनीतल्या या नोकरीला पाच महिने झाले. सहावा संपला की एकतर कायम करतात, नाहीतर नारळ देतात. सध्या एका मोठ्या इस्पितळासाठी हातपुस्तिका करतेय. डावीकडे रोजच्या बोलण्यातली इंग्रजी वाक्यं, उजवीकडे त्यांचं फ्रेंच. फ्रेंचशिवाय काही न येणारा पेशंट आला, की त्याने आपल्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि नर्सने शेजारचं इंग्रजी वाचायचं. अशी तीनशे वाक्यं. भाषांतर माझं, म्हणून शेवटच्या पानावर नाव आणि सहीसुद्धा माझीच.

मामा, या कामात मला इतकी मजा आली म्हणून सांगू. हात बधिर झाला की इंग्रज म्हणतो पिन्स अँड नीडल्स, म्हणजे त्याला टाचण्या-सुया टोचतात. फ्रेंच माणसाला काय होतं? मुंग्या येतात. थेट आपल्यासारख्या. एवढा मोठा वळसा घालून गेले आणि पलीकडे आपल्याच घरातल्या मुंग्या भेटल्या. मी एकटीच हसत बसले होते. घसा धरला तर इंग्रजाच्या घशात बेडूक असतो, फ्रेंचाच्या घशात मांजर. बरं वाटत नसलं की फ्रेंच माणूस म्हणतो, मी आज माझ्या ताटात नाही. हे तुम्ही वर्गात शिकवलं असणारच, पण तेव्हा माझी टकळी चालू असणार.

आता खरी गोष्ट. इस्पितळाने एक तपासनीस नेमलाय. त्याला फ्रेंच येत नाही. तो एक कोश आणि एक फूटपट्टी घेऊन बसतो, डावीकडचा प्रत्येक शब्द उजवीकडे आहे का बघतो आणि टिक करतो. आम्ही त्याला फूटपट्टीबुवा म्हणतो. बुवांनी माझ्या एक्केचाळीस ओळी खोडल्या. मूळ वाक्यात टाचण्या आहेत, मुंग्या कुठून आल्या, असं समासात लिहिलंय. फ्रेंच माणसाला मळमळलं की तो माल ओ कर म्हणतो. शब्द धरून पाहिलं तर हृदय दुखतं. पण कुठलाही फ्रेंच माणूस ते ऐकून बादली आणेल, हृदयाचा डॉक्टर नाही. बुवांनी तो शब्दप्रयोग मळमळीपुढून उचलला आणि 'छातीत दुखतंय' पुढे ठेवला. आमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाईक म्हणेल ते करा आणि सही करून मोकळ्या व्हा. महिनाअखेरीस छापायला जायचंय.

मला सही करायची नाही. तुम्ही काय म्हणता ते लगेच कळवा. मामीला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, कान उपटायचे असले तरी त्याच हाताने उपटा.

तुमची,
टकळी


१० फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. आ.

पत्र पोचलं. मामीने दोनदा वाचलं आणि ताटात नसलेल्या फ्रेंच माणसावर जेवणभर हसत होती. मला ऐकू येत नाही असं तू लिहिलंस, ते मात्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं.

तुझं भाषांतर बरोबर आहे. त्यात मी कानामात्रा बदलणार नाही. पण बरोबर असणं आणि नोकरी टिकणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं. तुझ्या आईचं परवा पत्र होतं. पोरगी एकदाची मार्गी लागली, असं तिने लिहिलंय. ते वाक्य खोडायला लावू नकोस. एक महिना कळ काढ. कायम झालीस की दुसऱ्या आवृत्तीत हळूच एकेक ओळ सुधार. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. एकतीस वर्षं मी फ्रेंच शिकवलं. मुलांसाठी टिपणं लिहिली, ती सायक्लोस्टाइल करून वाटली. पण माझं नाव कुठल्याच पुस्तकावर आलं नाही. तुझं येतंय, तेही या वयात. एक्केचाळीस ओळींसाठी तीनशे ओळींवर पाणी सोडायचं? माझं ऐक, सही कर. पेशंट पुस्तिकेत बघत नसतात, ते हातवारे करून सांगतात आणि नर्सना सगळं कळतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा आशीर्वाद आहेच, त्याच्यासाठी कसली परीक्षा द्यावी लागत नाही.

तुझा,
मामा


१८ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग आला. लिहिणार नव्हते, पण खोटं लिहायची सवय एकदा लागली की सुटत नाही, म्हणून लिहिलं.

नर्सना सगळं कळतं असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी रविवारी भेटायच्या वेळेत वॉर्डात गेले. बुवांच्या ओळींचा कागद एका पिशवीत आणि माझ्या ओळींचा दुसऱ्या. सहा नंबरच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर करड्या आवाजाच्या आहेत. त्या आधी माझ्यावर खेकसल्या. मी काय आणलंय ते सांगितल्यावर मात्र हाताला धरून एका खाटेपाशी घेऊन गेल्या. तिथे कपडे शिवणारी एक बाई होती, फक्त फ्रेंच बोलणारी. दोन दिवस डावा हात चोळत होती. सगळ्यांना वाटत होतं, शिवून शिवून दुखत असेल.

आधी तिला बुवांचा कागद दिला. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. टाचण्यांच्या ओळीवर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली. शिवणाऱ्या बाईला टाचणी टोचल्याचं कौतुक ते काय. मग माझा कागद दिला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं ते उचलेचना. हाताला मुंग्या येतात. तिथून खाली सरकली आणि चेहऱ्याची एक बाजू जड वाटते, त्यावर ठेवलं. तीही ओळ बुवांनी बिघडवलेलीच होती. सिस्टरनी शेजारचं इंग्रजी वाचलं आणि चपला वाजवत डॉक्टरांना बोलवायला धावल्या. अर्धांगवायूची सुरुवात होती, उपचार वेळेत सुरू झाले. बाई सुधारतेय. माझे दोन्ही कागद सिस्टरनी ठेवून घेतले.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, सही करणार नाही. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग विचारलं, तुम्ही स्वतःला समजता कोण. मी म्हटलं, भाषांतर करणारी. बुवांनी बदललेल्या ओळींसकट पुस्तक छापायचं तर खुशाल छापा, पण माझ्या नावाखाली नाही. दुपारी हिशेब करून दिला. सहाव्या महिन्याची वाटही पाहिली नाही. आईला मीच कळवलंय, तुम्ही रदबदली करू नका.

पोट भरायचं म्हणून मी शिकवण्या घेईन, पत्ते लिहीन, पण हे करणार नाही. आणि हळूच एकेक ओळ सुधारण्याबद्दल म्हणाल, तर ती ओळ सुधारेपर्यंत त्या बाईने हात चोळत बसायचं होतं का?

रागावले असले तरी नमस्कार आहे. तुमचा जीव माझ्यावर आहे हे माहीत आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.

टकळी


६ मार्च

चि. टकळीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये जे घडलं ते संपल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता. तू चिडलीस ते बरं केलंस.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक जाडजूड पाकीट आलं. तुझ्या साहेबांचं. भाषा शिक्षकांच्या जुन्या यादीतून त्यांना माझं नाव मिळालं. आपली आडनावं वेगळी, त्यामुळे मी तुझा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तिका तयार आहे, फक्त एका अनुभवी माणसाची सही हवी, शेवटच्या पानावर नाव मोठ्या टायपात येईल, असं लिहिलं होतं. सोबत पुस्तिकेची प्रत, तुझ्या खोडलेल्या ओळी दिसतील अशी, आणि त्या पानाचा नमुना. 'भाषांतर' असं छापलेलं आणि खाली माझं पूर्ण नाव.

लपवत नाही. मी ते पान दिवसभर उशाशी ठेवलं. वर्तमानपत्राच्या कडेला सही करून पाहिली, तीन वेळा. मामीने ते पाहिलं. संध्याकाळी तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, मला फ्रेंच येत नाही, प्रत्येक ओळीचा खरा अर्थ मराठीत सांगा. मी सांगत गेलो. बाराव्या ओळीपाशी तिने थांबवलं. तिथे 'छातीत दुखतंय' पुढे बुवांचं माल ओ कर बसलं होतं. तिने विचारलं, मी फ्रेंच बाई आहे, छातीत कळ आलीय, बोलता येत नाही, तर मी बोट कुठे ठेवायचं? मी पान उलटलं, पुन्हा मागे आलो, सगळी तीनशे वाक्यं पाहिली. तिच्यासाठी एकही ओळ नव्हती. टकळे, मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. मी तुला वाकायला सांगितलं ते शहाणपणाने नव्हे, माझं छापायचं राहून गेलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी लाल शाई आणली. एक्केचाळीस ओळी तपासल्या, चौथीच्या वहीसारख्या. प्रत्येकीपुढे बरोबर वाक्य आणि का बरोबर ते लिहिलं. बहुतेक ठिकाणी तुझंच उतरवलं आणि तसं स्पष्ट नमूद केलं. हे वाक्य माझ्या भाचीचं आहे, ती बरोबर होती, असं एकोणचाळीस वेळा लिहिलंय. दोन ठिकाणी तू चुकली होतीस, तेही लिहिलंय, उगाच शेफारू नकोस. तीन प्रती केल्या. एक तुझ्या साहेबांना, एक इस्पितळाच्या प्रमुखांना, एक सहा नंबरच्या मोठ्या सिस्टरना. सिस्टरचं कालच उत्तर आलं. कंपनीची पुस्तिका आली तर वॉर्डाच्या दारातून परत पाठवीन, असं त्यांनी लिहिलंय. प्रमुख काय करतील ते माहीत नाही. गप्प बसले तर मी पुन्हा लिहीन. मला आता दुसरा उद्योग नाही.

ते शेवटचं पान मी परत पाठवलं. 'भाषांतर' हा शब्द खोडून त्या जागी 'तपासणी' लिहिलं. मोठ्या टायपातल्या नावाखाली सही केली, पूर्ण, आडनावासकट. आणि सहीशेजारी शेरा दिला, एक्केचाळीसपैकी शून्य, नापास.

लोभ मागायला मला आता तोंड नाही. तूच तपासून ठरव.

तुझा,
मामा