तीन म्हटलं की उचलायचं

टोलेडो, ओहायो
९ मार्च

प्रिय वेस,

तू पाठवलेली आपल्या जुन्या गाण्यांची नमुन्याची रेकॉर्ड मंगळवारी पोचली. वेष्टन सुंदर झालंय. दौऱ्यांना न्यायचो त्या ब्रेडच्या जुन्या गाडीसमोर उभे आपण तिघं, माझे ते भयंकर केस, आणि वर बँडचं नाव, 'सॉल्ट ट्रक: वीस वर्षांनी पुन्हा'. दवाखान्यातल्या ड्युटीवरून घरी आले आणि बूटही न काढता ती लावली. सुई टेकली, दोन सेकंद गेले आणि माझं डोकं फिरलं. चार दिवस झाले, तुला फोन करू नये म्हणून मी हाताला कामं शोधतेय. गॅरेज झाडलं, फ्रिज पुसला, शेजारणीच्या कुत्र्याची नखंसुद्धा कापली. फोनवर मी ओरडले असते आणि तू नेहमीसारखं "बरं, बघू या" म्हणून ठेवून दिला असतास. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही.

ऑरिनचा आवाज कुठे आहे, वेस?

'गॅरेजची किल्ली' हे आपलं पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं. त्याच्या सुरुवातीला तुझा भाऊ "एक, दोन..." म्हणतो आणि त्याचा 'तीन' माझ्या पहिल्या ठोक्याखाली चिरडला जातो. मग तो हसतो. अर्धंच हसू, कारण तोवर तू गायला लागलेला असतोस. तुझ्या नव्या रेकॉर्डवर तिथे शांतता आहे. स्वच्छ, धुतलेली शांतता, आणि मग आपण तिघं घड्याळाच्या काट्यासारखे एकदम सुरू होतो. आयुष्यात एकदा तरी आपण असे एकदम सुरू झालो होतो का रे?

सगळं जग चारपर्यंत मोजून सुरुवात करतं. आपल्याकडे मोजायचा ऑरिन, आणि तो तीनवरच सुटायचा, कारण मोजायला त्याला तुमच्या बाबांनी शिकवलं होतं. काचेच्या कारखान्यात चौघांनी मिळून मोठी काच उचलायची म्हणजे "एक, दोन", आणि तीन म्हटलं की उचलायचं. चारची वाट बघणाऱ्याची बोटं जातात. पहिल्या सरावाला तो तीनवर निघाला, मी चारवर आले आणि तू तर मधेच कुठेतरी लोंबकळत राहिलास. मी ओरडले, "अरे बाबा, चार कुठाय?" तो म्हणाला, "चारपर्यंत काच खाली पडते, मार्सी." त्या दिवसापासून मी त्याच्या तोंडाकडे बघून ठोका द्यायला शिकले. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या ओठांकडे बघत होते. सगळं शहर समजायचं की माझं त्याच्याशी काहीतरी आहे. नव्हतं. मला फक्त 'तीन' चुकवायचा नव्हता.

ते पोलिश चर्चचं तळघर आठवतं? आपण लेंटच्या उपवासाच्या शुक्रवारी रेकॉर्डिंग करायला बसलो, कारण त्याच दिवशी तळघर मोकळं असायचं. वर साऱ्या वस्तीसाठी पर्च मासे तळले जात होते. मासे तळणाऱ्या मिसेस नोवाक जिन्यावरून खाली वाकून म्हणाल्या, "अगं मार्सी, ढोल वाजवतेस की भिंत पाडतेस? फादरच्या ताटातलं कोबीचं सॅलड हलतंय!" ऑरिनने शपथेवर सांगितलं की हे गाणं हळू आहे, अगदी मिस्सातल्या प्रार्थनेसारखं. आणि लगेच वळून मोजायला लागला. म्हणून तो हसतोय तिथे. तू कापलंस ते हे.

मला आता कोलंबस शहरातलं ते जेवणही आठवतंय. न्यूयॉर्कहून आलेला तो मोठ्या कंपनीचा माणूस, बर्फासारखे दात, आणि आपण तिघं एकाच इस्त्रीने इस्त्री केलेले शर्ट घालून. तोवर आपण फोर्ट वेनला सहा माणसांसमोर वाजवलं होतं, आणि त्यातली चार आपल्या आधी वाजवलेल्या बँडची होती. डेटनला गोदामात झोपलो होतो. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने आपल्याबद्दल साडेतीन ओळी लिहिल्या तेव्हा तुमच्या आईने त्या कापून फ्रिजवर लावल्या होत्या. आणि हा माणूस सूप पीत म्हणाला, "पोरं गुणी आहात. पण ते सुरुवातीचं मोजणं काढा, हौशी वाटतं. आणि बेसवर दुसरं कोणीतरी बघू." बेस वाजवणारा ऑरिन त्याच्या समोरच बसला होता, वेस. ब्रेडला लोणी लावत होता. मी म्हटलं, "मग ड्रमवरही दुसरं कोणीतरी बघा," आणि उठले. तू उठलास, पण माझ्यानंतर. चार मोजून. ऑरिनने तुला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मी तर दहा वर्षं बोलून दाखवलं, मला माहीत आहे. पण त्या माणसाने सांगितलेलं तू आज, कोणी सांगत नसताना, स्वतःच्या हाताने केलंस. त्याला निदान ऑरिन कोण हे ठाऊक नव्हतं.

आणि वर तुझी ती चिठ्ठी! "रेकॉर्ड काढणाऱ्या शिकागोच्या लोकांना तिघांचा होकार हवाय. ऑरिनचा मी भाऊ म्हणून दिला, फक्त तुझा राहिलाय." तिघांचा होकार हा नियम कोणाचा, शिकागोवाल्यांचा? तो ऑरिनने गाण्यांच्या यादीच्या मागे मार्करने लिहून गाडीत चिकटवला होता. तिघं हो म्हणतील तरच गाणं बाहेर जाईल, एकानेही नाही म्हटलं तर नाही. त्याच्याच नियमाने, त्याच्याच नावाने, त्याचाच आवाज काढायला तू त्याचा होकार दिलास. किती सहज लिहिलंस रे ते.

तू म्हणशील, मार्सी, फक्त दोन सेकंद आहेत. ते दोन सेकंद दुसरीकडे कुठे आहेत हे मला दाखव. ऑरिन कधी गायला नाही. प्रवासात कॅमेरा कायम त्याच्याच हातात, म्हणून सगळ्या चित्रफितींत तू आणि मी आहोत, गाडीचं चाक बदलतोय, भांडतोय, आणि त्याचा फक्त अंगठा आहे. रेडिओवरच्या मुलाखतीला तो बाहेर सिगारेट ओढत उभा राहिला. मी शोधलंय, वेस. त्याच्या अंत्यविधीनंतर दोन महिने मी दुसरं काही केलं नाही.

काल जरा शांत झाल्यावर मला एक वेगळंच वाटलं. शिकागोवाल्यांना ते मोजणं खुपलं असेल असं नाही. मला वाटतं, तुलाच ते ऐकवत नाही. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून तू बसलास, तो "एक, दोन" म्हणाला, आणि तुझं बोट आपोआप कापायच्या बटणाकडे गेलं. असं असेल तर मला तसं सांग. मी गाडी काढून नॅशव्हिलला तुझ्याकडे येईन, तुझ्याशेजारी बसेन, हवं तितक्या वेळा आपण दोघं मिळून ऐकू. पण 'स्वच्छ केलं' म्हणू नकोस. तो काही डाग नव्हता.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तो गेला त्याच्या सहा दिवस आधी त्याने मला फोन केला होता. तेव्हा तुझा पुन्हा एकत्र वाजवायचा हट्ट चालू होता, मी नाही म्हटलं होतं, आणि मला वाटलं, तूच त्याला माझी समजूत काढायला लावलंयस. मी उचलला नाही. त्याने निरोप ठेवला. एक मिनिट बारा सेकंद. स्क्रीनवर तेवढंच दिसत होतं. मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभी होते, रागात होते. न ऐकता पुसून टाकला. पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला, तो गेल्याचा. मी टेलिफोन कंपनीच्या बाईसमोर रडले, ती म्हणाली, "गेलं ते गेलं, हनी." म्हणून तुझं बोट कसं गेलं असेल ते मला कळतं, कारण माझंही गेलं होतं. माझं एक मिनिट बारा सेकंद कोणी परत देऊ शकत नाही. तुझे दोन सेकंद माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहेत, तळघरातली मूळ टेप. ती मी सोबत पाठवतेय. ते जसं होतं तसं परत लाव. तोवर माझा होकार नाही, आणि ऑरिनचाही नाही. त्याच्या वतीने बोलायचा हक्क तुझ्याइतकाच मलाही आहे. नऊ वर्षं मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

तुझीच, अजूनही तीनवरच ठोका देणारी,
मार्सी