त्रेचाळीस अनामती आणि एक गादी

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळ.
वाडीतले पाच दिवसांचे गणपती काल गेले. आजपासून हिशेब. आमच्या रुग्णसाहित्य केंद्राचा वार्षिक हिशेब तीस तारखेच्या आत द्यायचा आहे. बावीस वर्षं मी खजिनदार. पिठाच्या गिरणीच्या वहीवर हिशेब शिकलो, शिकवणी कुणाची नाही. दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी फाईल घेऊन कणकवलीला सीएकडे.

बुधवार, ३ सप्टेंबर.
काल वही शोधण्यात गेला. आज साहित्याची मोजणी. वॉकर नऊ, चाकाच्या खुर्च्या चार, कमोडच्या पाच, हवेच्या गाद्या दोन. एक गादी तळेऱ्याला पेशंटकडे. दुसरी माझ्या घरी, सुभद्राच्या खोलीत. सुभद्रा, माझी बायको, अकरा मार्चला गेली. गादी परत करायची राहिली ती मोटरीमुळे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मोटर आळीपाळीने हवा भरत असते, दिवसरात्र. ती न थांबता किती महिने चालते हे कुणीतरी बघून ठेवायला हवं. मी बघतो आहे. यादीत लिहिलं: दुरुस्तीस.

शनिवार, ६ सप्टेंबर.
कणकवली. सीए नवा आहे, अनिश. चष्मा, बोलणं भरभर. म्हणाला, काका, या त्रेचाळीस अनामती परत का केल्या नाहीत? साडेअडतीस हजार दिसताहेत. मी समजावलं. माणूस गेलं की लोक वॉकर धुऊन आणून देतात, पण अनामत कुणी परत नेत नाही. तो पैसा पुन्हा घरात घेत नाहीत. आपण देऊ केला तर म्हणतात, र्‍हवांदे थंयच. तो म्हणाला, म्हणजे कागदावर तुमचं केंद्र त्रेचाळीस मयतांचं देणं लागतं. प्रत्येक घरातून एका ओळीचं पत्र हवं. शिवाय सगळं साहित्य केंद्रात किंवा पेशंटकडे आहे असा दाखला, खजिनदाराच्या सहीने. नाहीतर तो सही करणार नाही, आणि हिशेब गेला नाही तर मुंबई मंडळाची मदत येणार नाही.
मी म्हटलं, आठ दिवस.
एसटीतच मजकूर तयार केला. ‘आमच्या रुग्णास सदर साहित्याची आता गरज उरली नाही. अनामत केंद्रास दिली.’ सुटसुटीत झाला आहे. पन्नास झेरॉक्स काढल्या.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
पितृपक्ष लागला. म्हाळाला सगळे घरी असतात, मुंबईकरही येतात, गेलेल्या माणसाची आठवण ताजी असते. सह्यांना याहून चांगला मुहूर्त नाही. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. आमच्याकडे यंदा म्हाळ नाही. वर्ष व्हायचं आहे.

बुधवार, १० सप्टेंबर.
पहिलं घर गंगारामचं. त्याच्या वडलांचा वॉकर, अनामत पाचशे. बाराला पोचलो तर पानं वाढलेली. मी पिशवीत हात घातला तसा गंगाराम म्हणाला, काकानू, आधी जेवा, कागद खंय पळान जातत? खीर, वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ. जेवल्यावर तो वडलांचं सांगत बसला. वॉकर घेऊन रोज तुळशीपर्यंत जायचे आणि तिथे पोचले की घरात बघून हात हलवायचे. असल्या गोष्टीच्या मध्ये कागद काढता येत नाही. उद्या.

रविवार, १४ सप्टेंबर.
चार दिवसांत सहा घरं, सहा खिरी. सह्या शून्य. सहाव्या घरी नम्रताच्या हातात मात्र कागद दिला. तिने वाचला, परत वाचला, आणि आत गेली ती बाहेर आली नाही. तिच्या जावेने माझ्यासाठी वडे डब्यात घालून दिले. पोट बिघडलं आहे. उद्यापासून फक्त सकाळी दहाच्या आत जायचं.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
पोटामुळे तीन दिवस घरी. आज केंद्राची सेक्रेटरी रसिका, शाळेत शिक्षिका आहे, शाळा सुटल्यावर आली. म्हणाली, काकानू, तुमी सह्यो घेतास की म्हाळ जेवतास? आणि कागदांची पिशवी उचलून घेऊन गेली. ठीक आहे. एकाने फिरायचं, एकाने देखरेख ठेवायची. देखरेख माझ्याकडे.
जाताना म्हणाली, वरच्या वाडीतल्या काशीबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, महिना झाला एका कुशीवर आहेत. आपली दुसरी गादी खंय आसा? मी म्हटलं, दुरुस्तीला. कुठे? कोल्हापूरला. तिने लिहून घेतलं.

सोमवार, २२ सप्टेंबर.
रसिकाकडे एक्केचाळीस सह्या. चार दिवसांत. माझा मजकूर चांगला होता म्हणूनच. पण तिने त्यातली पहिली ओळ काढून टाकली, मला न विचारता. म्हणे तिथे येऊन माणसं थांबतात. फक्त ‘अनामत केंद्रास दिली’ ठेवलं. खजिनदाराला विचारायची पद्धत असते.
बेचाळिसावी सही मी आणली. मुख्तारने आईच्या खुर्चीचं पत्र बंदरावर, माशांच्या खोक्यावर ठेवूनच सही केलं. मग म्हणाला, भाऊ, आनी तुमचो कागद? मी म्हटलं, माझं काय, घरचंच आहे.

गुरुवार, २५ सप्टेंबर.
माझं पत्र आणि साहित्याचा दाखला टेबलावर. सही करायला बसलो, पेनात शाई नव्हती. दुसरं पेन गिरणीत. गिरण बंद. रसिकाचा फोन आला, कोल्हापूरच्या दुकानाचा नंबर द्या. फोन रेंजमध्ये नाही असं तिला सांगितलं.

रविवार, २८ सप्टेंबर.
रसिका घरी आली. दाखल्यावर सही हवी होती. पडवीत बसली. मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तर ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मोटर घरघरतच असते, मला ती आता ऐकू येत नाही. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, कोल्हापूर बराच जवळ इला मां, काकानू.
मी तिला चाचणीबद्दल सांगितलं. साडेसहा महिने, एकदाही बंद नाही. वीज गेली तेवढंच. निकाल उत्तम.
ती म्हणाली, मगे झाली मां चाचणी. काशीबायची पाठ फुटाक लागली आसा.
मी म्हटलं, उद्या.

सोमवार, २९ सप्टेंबर.
मुख्तारने टेम्पो आणला, रसिकाही आली. बटण मी बंद केलं. हवा पूर्ण जायला वीस मिनिटं लागतात. मुख्तार म्हणाला, भाऊ, तुमी भायर बसा. मी म्हटलं, खजिनदार हजर हवा. तिघेही उभे राहिलो. चादर अजून तीच होती, ती मी घडी करून ठेवली.
मोटरीवरचा पेशंटच्या वजनाचा काटा पंचेचाळीसवर होता. काशीबाईंकडे गेल्यावर साठवर आणला. तो इतर कुणाला जमत नाही. दहा मिनिटांत गादी भरली, काशीबाई म्हणाल्या, गार लागता, बरा वाटता. सून सारिका हिने दोन हजार अनामत मोजून दिली. पावती फाडली. तिने विचारलं, हे परत गावतले मां? मी म्हटलं, गावतले. येऊन घेऊन जा.
पत्र क्रमांक त्रेचाळीस सही केलं. दाखलाही. फाईल पूर्ण.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दुपार.
पहिल्या गाडीने कणकवली. अनिश म्हणाला, काका, धावपळ कशाला केलीत, मुदत महिनाभर वाढली. गुरुवारीच मेसेज टाकला होता. माझ्या फोनात मेसेज फार येतात, मी बघत नाही. फाईल ठेवून जा म्हणाला, दिवाळीनंतर बघू.
घरी आलो. पेज केली. खोलीत झाडू मारला.
आता महिनाभर काही काम नाही.