प्रयोग चालू असताना मी गेलो तर

मी, हेमचंद्र रामकृष्ण सामंत, वय ५७, बी.कॉम., राहणार पंतनगर, घाटकोपर (पूर्व), पुढील आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया करवून घेणार आहे. डोके शाबूत आहे. दबाव कोणाचा नाही, सल्ले मात्र पुष्कळ आहेत. सबब, स्वखुशीने लिहून ठेवतो की :

१. राहती सदनिका व सर्व ठेवी माझी एकुलती कन्या गंधाली हिला. 'लग्न झाल्यास' ही अट घातलेली नाही. सुचवणाऱ्यांचे आभार.

२. मोटार पुतण्या केतन यास. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय त्याने सोडावी.

३. दिवंगत पत्नी कुंदा हिच्या पाटल्या जयंतीवहिनींना. तशी कुंदाची इच्छा होती. मला विचारले नव्हते.

४. "लाइट मारते म्हणजे काय गं? इलेक्ट्रिशियन का?" असे वहिनी गंधालीला दर गणपतीत विचारतात. शेवटचे सांगतो. काही स्फटिक अतिथंड केले की वीज वाहू देत नाहीत. त्यांवर लेझरचा अत्यल्प काळाचा झोत टाकला, की तापण्याआधीच ते धातूसारखे वागतात आणि लगेच पूर्ववत होतात. पाठोपाठ दुसरा झोत टाकून तो बदल टिपणे, हे तिचे पवईच्या प्रयोगशाळेतील काम. कुंदा गेली तेव्हा चालू प्रयोग टाकून ती धावत आली. घाईत गरम झालेला स्फटिक तडकला, वर्ष वाया गेले. केतन म्हणाला, "काचच होती ना? दुसरी आण की यार!"

५. म्हणून पहिल्या मसुद्यात लिहिले होते की, प्रयोग चालू असल्यास तो संपेपर्यंत माझ्या मृत्यूची बातमी तिला देऊ नये. गंधालीने तो कागदच फाडला. "बाबा, परस्पर ठरवू नका ना! मला कळवायचं. यायचं की थांबायचं, ते मी बघेन." इतकी वर्षे लेखापरीक्षण केले; माझा कागद कोणी फाडला नव्हता. कलम दुरुस्त केले आहे. तिला तत्काळ कळवावे. ती न आल्यास अग्नी केतनने द्यावा.

६. मात्र "बापाला शेवटचं बघायलासुद्धा आली नाही" असे वा तत्सम काही केतन किंवा वहिनी बोलल्यास, बोलणाऱ्याचा हक्क रद्द होऊन त्याची वस्तू गप्प राहिलेल्यास मिळेल. बोलले की नाही, हे या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक या नात्याने शेजारीण रत्नप्रभा नाडकर्णी ठरवतील. त्यांना भिंतीपलीकडचेही ऐकू येते. दोघेही बोलल्यास पाटल्या व मोटार दोन्ही गंधालीची. तिला मोटार चालवता येत नाही. तरीही.

वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

हेमचंद्र रा. सामंत

साक्षीदार :
१. डॉ. देवव्रत करंदीकर, मुलुंड
२. चेतना खैरे, घाटकोपर

घाटकोपर, ११ फेब्रुवारी २०२५