घाट वगळून

रविवार, १२ जानेवारी

ती. आई,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन इतके आठवडे झाले आणि मी गप्प बसले, त्याबद्दल आधी माफी मागते. कामाचा रगाडा होता असं लिहून टाकता आलं असतं. पण तुम्ही इतकी वर्षं वॉर्डाची मेट्रन म्हणून काढलीत. गोळी घेतली की उशीखाली लपवली, हे तुम्ही पेशंटच्या तोंडाकडे बघून ओळखायचात. तेव्हा कामाचं निमित्त सांगत नाही.

मी बरी आहे. रजा मंजूर झाली. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, देवाला निघालात की पाण्याचे नमुने गोळा करायला?" झालं असं, की वाटेवरच्या विश्रामघरांचं पाणी कुठून येतं याची चौकशी मी प्रयोगशाळेच्याच फोनवरून केली होती आणि ती त्यांच्या कानावर गेली होती. मी म्हटलं, देवाला. मग दिवसभर ते शब्द मला टोचत राहिले. मी खरंच देवाला निघाले आहे का, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. तुमच्याबरोबर निघाले आहे, एवढं सांगता येतं.

नवे बूट रुळावेत म्हणून मी ते कामावर घालून जाते. बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणतात, पाणी तपासायला एवढे भक्कम बूट कशाला, पूर यायचाय का? त्यांना सांगितलं, सासूबाईंबरोबर लांबच्या यात्रेला पायी जाणार आहे. हातातली बाटली त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सासू अजून आहे होय तुम्हाला?" त्यांना म्हणायचं होतं, घटस्फोटानंतरही. मी म्हटलं, आहे. आणि ते म्हणताना मला फार बरं वाटलं.

आई, माणसं मला विचारतात, की जिच्या मुलाशी तुझं पटलं नाही तिच्याशी कसं पटतं? मग मी त्यांना चार वर्षांपूर्वीची ती दुपार सांगते. मी घराच्या किल्ल्या परत द्यायला तुमच्याकडे आले होते. दारातच देऊन पळायचा विचार होता. तुम्ही किल्ल्या घेतल्या, टेबलावर ठेवल्या आणि मला बसवलंत. म्हणालात, "तो माझा मुलगा आहे, त्याची आई मी राहणारच. पण तुझं नि माझं काही भांडण झालेलं मला आठवत नाही. तुला आठवतंय का?" मी नाही म्हटलं. "मग चहा घे," म्हणालात. एवढंच. त्यानंतर कधी त्याच्याविषयी माझ्याकडे गाऱ्हाणं नाही, माझ्याविषयी त्याच्याकडे नाही. दोन्ही हात भरलेले असताना काहीही न सांडता चालणारी माणसं असतात ना, तशा तुम्ही. मला एका हातातलंही सांभाळता येत नाही.

यात्रेचं तुम्हीच काढलंत. फोनवर म्हणालात, सोबत हवी आहे, आणि तू फार बोलत नाहीस. मी विचारलं, नवस आहे का. तर म्हणालात, स्वतःचा एकही नाही. पण वॉर्डात कितीतरी जण म्हणायचे, बरा झालो की पायी जाईन. त्यातले जे घरी गेलेच नाहीत त्यांचं चालणं राहून गेलंय, ते कुणीतरी चालायला हवं. हे तुम्ही भाजी महागली म्हणावं तशा आवाजात सांगितलंत. मी त्या दिवशी कामावर दोन बाटल्यांवर एकाच नमुन्याची चिठ्ठी डकवली.

मार्ग ठरवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. "खात्रीबाई, तू बघ," म्हणालात. तुम्ही ठेवलेल्या या नावाला जागायचं म्हणून मी नकाशे आणले, जाऊन आलेल्यांना गाठलं. तीन वाटा आहेत. जुना रस्ता तुमच्या दारावरूनच निघतो, पुलापर्यंत सरळ जातो आणि पुढे गावातून थेट देवस्थानाकडे. पण गावापुढे त्यावर ट्रक फार. दुसरी नदीकाठची वाट, सपाट आणि सावलीची, पण ती सुरूच होते भलतीकडे. तिसरी घाटाची. कुठलीच एक वाट पूर्ण धरण्यासारखी नव्हती. म्हणून मी तिन्हींचे तुकडे जोडले. पुलापर्यंत जुना रस्ता, तिथून गाव डावीकडे सोडून घाट, आणि घाट उतरला की शेवटपर्यंत नदीकाठ. सोबत कारणं लिहून पाठवली. घाटात गर्दी नाही, वर वारा आहे, पूर्वीचे यात्रेकरू तिकडूनच जात, वरून नदीचं वळण दिसतं.

तुम्ही माझाच कागद परत पाठवलात, मागे दोन ओळी लिहून. "घाट चालेल. सावकाश चढू. टोपी विसरू नकोस."

त्या कागदाला मी उत्तर दिलं नाही, आणि का दिलं नाही ते आता लिहिते.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी तुमच्याकडे आले होते. तुम्हाला न कळवता. हातात धरायच्या दोन काठ्या घेतल्या होत्या, उतारावर गुडघ्याला आधार होतो म्हणतात. जिन्यापाशी पोचले तर वरून पावलं ऐकू आली. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. कठड्यावरून वर पाहिलं तर तुम्ही होतात. पाठीवर पिशवी, तिच्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय तुम्ही हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवत होतात. वरपर्यंत गेलात. तिथे भिंतीला टेकून उभ्या राहिलात. आणि परत उतरायला लागलात.

मी मागे सरले. तळमजल्यावरचे लाँड्रीवाले इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "रोजचंच आहे. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय, पण ऐकतील तर त्या मेट्रनबाई कसल्या. मी विचारलं, एवढा अट्टहास कशाला? तर म्हणतात, माझ्या सुनेला घाट आवडतो."

मी काठ्या त्यांच्याकडे दिल्या. कुणी दिल्या ते सांगू नका म्हटलं. त्यांनी तुम्हाला लगेच सांगितलं असणार, आणि तुम्ही मला त्याविषयी एक शब्दही विचारला नाहीत.

आई, मला घाट आवडत नाही. मला चढावर धाप लागते आणि उंचावरून खाली बघवत नाही.

मी गाव टाळत होते. जुना रस्ता गावात शिरला की बाजार ओलांडून थेट तुमच्या मुलाच्या घरावरून जातो. त्याच्या फाटकासमोरून आपण दोघी जाणार, मी घामाघूम, पाठीवर बोचकं, आणि त्याची नवी बायको गॅलरीत उभी. हे चित्र मला सहन होईना. म्हणून मी आख्खा डोंगर मध्ये घातला. माझ्या कागदावरची कारणं मी पुन्हा तपासली. त्यातलं प्रत्येक कारण खरं आहे. खऱ्या कारणांची चळत लावून त्यामागे लपता येतं, हे मी आयुष्यभर नमुने तपासूनही शिकले नव्हते.

आणि तुम्हाला ते कागद बघताक्षणी कळलं होतं. कळलं होतं ना? गाव डावीकडे सोडायचं म्हणजे त्या दोघांच्या भिंगरीलाही डावीकडे सोडायचं. ज्या नातीचा आवाज तुम्ही फोनवर ऐकता तिचं घर वरून दिसणार, आणि तुम्ही न थांबता पुढे जाणार. त्यावर तुम्ही लिहिलंत, "घाट चालेल." रागावून लिहिलं असतंत तर मी बचाव केला असता. मोठेपणा दाखवून लिहिलं असतंत तरी मला चिडता आलं असतं. तुम्ही नुसतं मान्य केलंत आणि गुडघा तयार करायला घेतलात. माझी लाज राखण्यासाठी तुम्ही तुमचे पाय देऊ केलेत, आणि वर मलाच टोपीची आठवण केलीत.

हे एवढं मोठं मन कुणी माझ्यासाठी केल्याचं मला आठवत नाही. त्याला काय उत्तर लिहायचं ते सुचेना, म्हणून मी लिहिलंच नाही.

गेल्या रविवारी मी बसने त्या गावी गेले. गावाच्या पलीकडच्या टोकाला कालव्याचा बांध लागतो आणि तो नदीकाठच्या वाटेला मिळतो, असं नकाशात दिसत होतं. तो खरंच चालता येतो का ते पाहायचं होतं. येतो. सपाट आहे, झाडं आहेत, तुमच्या पावलाने दुपारच्या आत नदी येईल. जोड तिथे घालायचा. घाट लागतच नाही.

तिथे जायचं तर बाजारातून, त्याच रस्त्याने जावं लागलं. घर आलं. फाटक बंद होतं. दोरीवर कपडे वाळत होते, त्यात इवले इवले मोजे. एक मांजर पायरीवर बसून माझ्याकडे बघत होतं. मग पुढचं घर आलं, मग पिठाची गिरणी. झालं. इतके महिने मी ज्याला भ्याले ते एवढंच होतं. अर्थात गॅलरीत कुणी नव्हतं, म्हणून हे धैर्य. कुणी असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं लिहिणार नाही.

तर नवा बेत असा. पुलावरून आपण गावात जायचं. ती रात्र तुम्ही तुमच्या मुलाकडे राहायचं, भिंगरीजवळ. मी बाजारातल्या विश्रामघरात राहीन, तिथे जागा आहे. त्यांनी चहाला बोलावलं तर येईन की नाही ते आत्ता सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फाटक उघडाल तेव्हा मी समोर उभी असेन, कोपऱ्यावर लपलेली नसेन.

आणि ते जिने आजपासून बंद. ही विनंती आहे असं लिहिणार होते, पण हा हट्टच आहे.

एक गोष्ट राहते. तुम्ही त्याला यात्रेचं अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर तो गुडघ्याचं नाव काढून मोडता घालेल, आणि तुम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही, निमूटपणे घाटाकडे वळाल. आता मी तुम्हाला ओळखते. गावातून जाणारी वाट मी आखली आहे, तेव्हा ती मीच सांगायला हवी. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसानंतर आम्ही बोललेलो नाही. काय म्हणायचं ते मी तीनदा लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते अर्जासारखं झालं. त्यामुळे न लिहिताच बोलेन. तो नाही म्हणाला तर पुन्हा विचारेन.

सांभाळून राहा. तुमच्या पावलाने चालायला मला आवडेल, ते कितीही सावकाश असलं तरी.

तुमची,
खात्रीबाई

उद्याचं काम: कामावर जाण्याआधी त्याला फोन करणे.