कापलेली शांतता

बोगोटा, रविवार

प्रिय एल्विराताईस, तुझ्या धाकटीचा नमस्कार.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. इथे रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद असतात, तेव्हा मी माझ्या लेकीबरोबर, हिमेनाबरोबर धावते. हळू, पण धावते. तिचे अनुवादाचे काम चालू आहे, जरा कमी झालेय इतकेच.

धावताना तुझी भाची कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अर्थशास्त्रावरची विद्यापीठातली भाषणे ऐकते. आज एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. प्राध्यापक नुसते सुटले होते! यंत्रे माणसांची कामे घेतील, अनुवादक पहिले जातील, असे एका दमात सांगून मोकळे.

मी चिडले. "ह्याला घरी मुलंबाळं आहेत की नाही? आमच्या शाळेतल्या सिस्टरनी कोपऱ्यात उभं केलं असतं!"

"आई, तो सावकाशच बोलतोय गं. मीच वेग वाढवलाय, मधली शांतताही कापलीये. मोबाइलमध्ये तशी सोय असते."

"मग जोड परत. माणसाचं बोलणं पूर्ण ऐकावं."

तिने नाइलाजाने जोडली. श्रोत्यांतल्या एका बाईने विचारले, "मग ह्या लोकांनी करायचं काय?"

प्राध्यापक गप्प. संत्र्यांच्या रसाच्या गाडीपासून पुढच्या चौकापर्यंत मी धावले, तरी गप्पच. मग म्हणाले, "पुढचा प्रश्न."

हिमेना माझ्याकडे बघेना. ही शांतता तिने आधी ऐकली होती, म्हणूनच कापली होती.

तुझ्या नातीने भाषांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला का? नसेल, तर थोडे थांब म्हणावे. का, असे तिने विचारले, तर मात्र मीही गप्पच बसेन.

तुझी,
रोसाल्बा